सर्व्हिसच्या एस्टिमेटमधलं काय ठेवायचं आणि काय खोडायचं

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या पेट्रोल हॅचबॅकला तीन वर्षं पुरी व्हायला महिनाभर आहे, गाडी २३,००० किलोमीटर चालली आहे आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटीही त्याच सुमारास संपते आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरने तिसऱ्या वर्षाच्या सर्व्हिसचं एस्टिमेट दिलं १८,४५० रुपयांचं. त्यात ऑइल, फिल्टर आणि लेबर मिळून ५,४००. बाकीचं सगळं इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरियर क्लीनिंग, उंदरांचा स्प्रे, अलाइनमेंट-बॅलन्सिंग आणि ब्रेक क्लीनिंग. "यातलं काही नको म्हणालात तर पुढे वॉरंटीला प्रॉब्लेम येईल," असं तिथला सर्व्हिस ॲडव्हायजर म्हणाला. त्यांनी विचारलंय की यातलं खरंच काय लागतं, आणि गाडी सरळ बाहेरच्या गॅरेजला न्यावी का?

ताई, मी पुण्यात डीलरच्या वर्कशॉपमध्ये फ्लोअरवर काम केलंय, नंतर ॲडव्हायजरच्या खुर्चीत बसलोय आणि आता स्वतःचं गॅरेज चालवतो. थेट सांगतो. तुमच्या एस्टिमेटमधलं ७,३०० रुपयांचं काम ठेवण्यासारखं आहे: ऑइल-फिल्टर-लेबर, ब्रेक क्लीनिंग आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंग, त्यातही अलाइनमेंट तपासून. उरलेले ११,१५० रुपये तुम्ही खिशात ठेवू शकता. आणि या सर्व्हिसला जे काम व्हायलाच हवं, ते ब्रेक फ्लुइड, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतलं द्रव, बदलण्याचं काम या कागदावर कुठेच नाही. मला सगळ्यात जास्त राग या शेवटच्या गोष्टीचा येतो.

असं का होतं ते आधी समजून घ्या. तुमच्याशी बोलणारा ॲडव्हायजर गाडीला हात लावत नाही. गाडी खोलणारा मेकॅनिक आत असतो, त्याची-तुमची भेटही होत नाही. ॲडव्हायजरला महिन्याचं टार्गेट असतं, आणि ते बहुतेक 'व्हॅस' म्हणजे व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिसेसवर असतं: स्प्रे, कोटिंग, क्लीनिंग. ऑइल-फिल्टर बदलण्यात डीलरला फार सुटत नाही, बाटलीतल्या केमिकलवर भरपूर सुटतं. ब्रेक फ्लुइडची बाटली स्वस्त, काम वेळखाऊ, म्हणून त्याचा आग्रह कुणी धरत नाही. तो पोरगा मुळात वाईट असतो असं नाही, संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्याला "आज किती कोटिंग विकली?" एवढंच विचारलं जातं. पण त्याची नोकरी टिकवायची जबाबदारी तुमच्या पाकिटावर नाही.

गाडीसोबत आलेलं ओनर्स मॅन्युअल काढा. त्यात मागच्या बाजूला मेंटेनन्स शेड्यूलचा तक्ता असतो. एका बाजूला पार्ट, वर किलोमीटर आणि महिने, आणि चौकटीत 'तपासा' किंवा 'बदला' अशा अर्थाची अक्षरं. ज्या कंपनीने इंजिन बनवलं तिने ते टिकवायला काय लागतं हे तिथे लिहिलंय. तुमच्या एस्टिमेटमधल्या एकेका ओळीवर बोट ठेवून ती या तक्त्यात सापडते का बघा. इंजिन फ्लश सापडणार नाही. कोटिंग सापडणार नाही. उंदरांचा स्प्रे तर नाहीच.

आता एकेक बघू.

इंजिन फ्लश म्हणजे जुनं ऑइल काढायच्या आधी त्यात एक पातळ केमिकल घालून इंजिन थोडा वेळ चालवणं. ऑइल वेळेवर बदललेल्या तीन वर्षांच्या इंजिनात धुऊन काढण्याइतका गाळ साठलेलाच नसतो. शिवाय निथळल्यावरही त्या केमिकलचा थोडा अंश आत राहतो आणि नव्या ऑइलमध्ये मिसळतो. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या जुन्या इंजिनाची गोष्ट वेगळी, आणि तिथेही मी आधी ऑइल फिलर कॅप उघडून आतला थर बघतो. तुमचं खोडा.

इंजेक्टर क्लीनिंगच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी पेट्रोलच्या टाकीत एक बाटली ओततात. खरं क्लीनिंग म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बाहेर काढून, मशिनवर लावून, प्रत्येकातून किती आणि कसा फवारा पडतो ते बघून केलेलं काम. गाडी सकाळी पटकन चालू होते, मिसफायर नाही, ॲव्हरेज पूर्वीसारखं आहे, तर दोन्हींची गरज नाही. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावर, काळपट कडा जमते हे खरं, पण तिचं लक्षण असतं: सिग्नलला उभं असताना आरपीएम वर-खाली होतो, ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी बंद पडू बघते. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. खोडा.

एसी डिसइन्फेक्शनचं सांगतो. वास येत असेल तर आधी ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून बघा. तो काळा झालेला असतो आणि त्यात पानं-धूळ अडकलेली असते. बऱ्याच हॅचबॅकमध्ये तो हाताने निघतो, कुठलंही हत्यार लागत नाही. नवा फिल्टर घाला, आणि घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून फक्त ब्लोअर चालू ठेवा म्हणजे आतला ओलावा सुकतो. बहुतेक वेळा वास तेवढ्यावर जातो. याच ओघात एसी गॅसचंही. "गॅस कमी झालाय, टॉप-अप करू" हे दर उन्हाळ्यात ऐकायला मिळतं. एसीची लाइन बंद असते. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं बिल आजच ठरवणं. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि किती ग्रॅम हे छापलेलं असतं. लहान गाडीत तो साधारण अर्ध्या किलोच्या आसपास. मशिनने जुना गॅस किती निघाला आणि नवा किती भरला, ते दोन्ही आकडे मागा.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. रत्नागिरी, मालवण, गोवा इथे खाऱ्या हवेत गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर मी त्याला विरोध करत नाही. पण नाशिकला, कंपनीतूनच खालच्या पत्र्याला थर देऊन आलेल्या गाडीला, त्याची निकड नाही. आणि जिथे करायचं तिथे गाडी धुऊन पूर्ण वाळवूनच करायला हवं. सर्व्हिस सेंटरच्या घाईत ओल्या चिखलावर फवारा मारला तर ओल आत कोंडली जाते आणि पत्रा बाहेरून छान दिसत असताना आतून गंजतो.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, मी ठेवलंय, पण अटीवर. पुढच्या टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेवरून तळहात फिरवा. एक कड गुळगुळीत आणि दुसरी खडबडीत लागते का? सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? यातलं काही असेल तर करा आणि आधीचं-नंतरचं, दोन्ही रीडिंग असलेला प्रिंटआउट घ्या. ८०-१०० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग करा. दोन्ही नसेल तर अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे १,१५० रुपयेही वाचले. टायरच्या दुकानात "कॅम्बर (चाकाचा उभा कल) आउट आहे" असं ऐकलंत तर जास्तच सावध व्हा. बऱ्याच लहान गाड्यांमध्ये कॅम्बरला ॲडजस्टमेंटच दिलेली नसते. मग काही दुकानं हायड्रोलिक जॅक लावून सस्पेन्शनचा भाग चक्क वाकवतात आणि मशिनवर हिरवा आकडा दाखवतात. कॅम्बर खरंच बिघडला असेल तर खड्ड्यात आपटून काहीतरी वाकलंय, ते शोधून बदलायचं असतं. वाकलेल्याला अजून वाकवू देऊ नका.

आता ब्रेक फ्लुइड. हे द्रव हवेतला ओलावा शोषत राहतं, गाडी उभी असली तरीही. डॉट ३ प्रकारचं फ्लुइड नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पुरेसं पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. तुम्ही मुंबई-नाशिक जाता-येता कसारा घाट करत असाल. भरलेली गाडी उतारावर, पाय सतत ब्रेकवर, पुढे ट्रक. ब्रेक पॅडची उष्णता त्याला दाबणाऱ्या कॅलिपरमधून फ्लुइडपर्यंत पोचते, त्यातलं पाणी वाफ होतं, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खोल जातं. गाडी थांबत नाही. अनेक मॅन्युअलमध्ये ब्रेक फ्लुइड बदलण्याची मुदत २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, जे आधी येईल ते, अशी आहे. किलोमीटर कमी झाल्यामुळे तुमच्याकडे ते राहून गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. मागच्या बिलांमध्ये बघा. नसेल तर तुमच्या मॅन्युअलमधली मुदत दाखवून करून घ्या. डब्यात नुसती वरून भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे. चारही चाकांच्या ब्लीड निपलमधून, म्हणजे फ्लुइड काढायच्या छोट्या तोटीतून, जुनं बाहेर यायला हवं. ब्रेक क्लीनिंग मी ठेवलं ते याचसाठी, चाकं उतरतातच. आणि घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, हे फुकट आहे.

चाकं उतरली की पुढचा फोन येतो: "मॅडम, ब्रेक पॅड सत्तर टक्के गेलेत." टक्के ऐकून घेऊ नका. "किती मिलिमीटर उरलेत, फोटो पाठवा," असं म्हणा. नव्या पॅडचं मटेरियल साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतं, ३ वर आलं की बदलायची वेळ. ५-६ उरले असतील तर पुढच्या सर्व्हिसला बघू. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते आणि मग जाते, तो डिस्कवरचा रात्रीतला गंज असतो. त्यासाठी डिस्क बदलायला किंवा लेथवर लावायला सांगत असतील तर नको म्हणा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते.

शॉक ॲब्जॉर्बरचंही असंच. त्यावर धुळीचा हलका ओलसर थर दिसला की "लीक आहे" म्हणून जोडी बदलायला सांगतात. नळीवरून ऑइल ओघळून खालच्या भागापर्यंत आलं असेल, गाडी उडी मारल्यावर दोन-तीनदा हेलकावत असेल, तर तो गेला. नुसता दमटपणा असेल तर पुसून घ्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बघा. खड्ड्यात पुढून खडखड येते तेव्हा सगळ्यात आधी स्टॅबिलायझर लिंक, म्हणजे सस्पेन्शनमधली छोटी जोड-दांडी, तपासायची, कारण ती स्वस्त आहे आणि आपल्या रस्त्यांवर तीच पहिली जाते. मी कित्येक गाड्या पाहिल्यात ज्यांचा अख्खा सस्पेन्शन सेट बदलायचं ठरलं होतं आणि खडखड एका लिंकने थांबली.

एक वाक्य पाठ करा: "जुना पार्ट मला परत हवाय." गाडी देतानाच हे जॉब कार्डवर, म्हणजे कामांची नोंद असलेल्या कागदावर, लिहून घ्या. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे जातो, तो मिळणार नाही. पण पैसे देऊन बदललेला प्रत्येक पार्ट तुमचा आहे. जुना फिल्टर आणि जुने पॅड डिकीत येणार हे माहीत असलं की न बदलता बिल लावण्याचा प्रश्नच मिटतो. दुसरं, जॉब कार्डवर लिहा की एस्टिमेटच्या पलीकडचं काहीही फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर माझी लेखी संमती घेतल्याशिवाय करू नये. सही त्याखाली करा, कोऱ्या जागेखाली नको. ओडोमीटरचा आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढून ठेवा.

बिल हातात आल्यावर ऑइलच्या ओळीकडे बघा. लहान पेट्रोल इंजिनाला साधारण तीन ते पावणेचार लिटर लागतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. बॅरलमधून सुटं भरलेलं असतं आणि बिलावर कधीकधी अर्धा लिटर जास्त चढतं. ग्रेडही, म्हणजे ऑइल किती पातळ-घट्ट ते, जुळवा, ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तिथे दुसरं भरून चालणार नाही. 'कन्झ्युमेबल्स' नावाची मोघम ओळ असेल तर त्यात काय-काय ते विचारा. जीएसटीचा दर पण बघा: २२ सप्टेंबर २०२५ पासून स्पेअर पार्ट्सवरही १८ टक्के आहे, पूर्वी अनेक पार्ट्सवर २८ होता.

वॉरंटीची भीती काढून टाका. वॉरंटीची अट मॅन्युअलप्रमाणे ठरलेली सर्व्हिस वेळेवर करण्याची असते. कोटिंग आणि फ्लश नाकारल्याने ती जात नाही. ॲडव्हायजर पुन्हा तसं म्हणाला तर शांतपणे सांगा, "हे मला ईमेलवर लिहून द्या." लिहून कोणी देत नाही. बाहेर सर्व्हिस करण्याबद्दल म्हणाल, तर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात स्पेअर पार्ट्स आणि दुरुस्तीची बाजारपेठ अडवून धरल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड लावला होता. बाहेरच्या गॅरेजला गाडी दाखवली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्यात म्हटलं होतं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. तत्त्व माहीत असू द्या, पण व्यवहारात माझा सल्ला असा की महिनाभर उरलेल्या वॉरंटीवर भांडण ओढवून घेऊ नका. ही सर्व्हिस तिथेच करा, फक्त मॅन्युअलपुरती.

आणि ही संधी वापरा. वॉरंटी संपण्याआधीच्या शेवटच्या भेटीत गाडीतल्या सगळ्या तक्रारी जॉब कार्डवर लिहून घ्यायच्या असतात. स्टिअरिंग वळवताना टक-टक आवाज, काच वर जाताना अडकणं, इंजिनखाली तेलाचा डाग, पॉवर विंडोचं मंद बटण, डॅशबोर्डची खडखड. आदल्या दिवशी गाडी घेऊन एकटीने फिरा, रेडिओ बंद ठेवून, काचा उघड्या आणि मग बंद करून. जे जाणवेल ते लिहा. वॉरंटीत असताना तारखेसह नोंदवलेली तक्रार महिनाभराने पुन्हा उद्भवली तर तुमच्या हातात कागद असतो. आज फुकट होणारं हे काम ॲडव्हायजर स्वतःहून सुचवणार नाही.

यानंतर बाहेरचं गॅरेज शोधायला हरकत नाही. मात्र सगळ्यात स्वस्त कोण यावरून निवडू नका. तुम्हाला गाडीखाली उभं करून पार्ट दाखवतो का, पार्ट नंबर आणि एमआरपी असलेलं खोकं समोर फोडतो का, पक्कं बिल देतो का, आणि एखादं काम "आत्ता नको, अजून चालेल" असं म्हणतो का, हे बघा. पहिल्यांदा छोटं काम द्या. पार्ट स्वतः आणायचे असतील तर ओळखीच्या दुकानातून, पुण्यात नाना पेठेत तर सगळंच मिळतं, पण ब्रेक पॅड आणि ऑइल फिल्टरचे बनावट नगही बाजारात फिरतात. फार स्वस्त मिळाला तर तो घेऊ नका.

बंपर घासला असेल तर आणखी एक वाक्य कानावर येईल: "इन्शुरन्समध्ये करून टाकू, तुम्हाला काही भरायला नको." तीन-चार हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी क्लेम केला तर नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या बिनक्लेम वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० असा चढतो आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियममधून वजा होतो. क्लेमच्या आधी आकडेमोड कागदावर करा.

हायवेवर टायरवाल्याने "चार पंक्चर आहेत" म्हटलं तर खिळा काढायच्या आधी, तुमच्यासमोर, टायरवर साबणाचं पाणी मारायला सांगा. जिथे बुडबुडे तिथे पंक्चर. टोच्या त्याच्या हातात येण्याआधी मोजा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतलेला असून हवा हळूहळूच जात असेल तर तो तसाच ठेवून, हवा भरून, ओळखीच्या दुकानापर्यंत येता येतं. चालत्या गाडीला हात करून "चाकातून धूर येतोय" सांगणारे भेटले तर थांबायचं ते वस्तीच्या ठिकाणी किंवा पेट्रोल पंपावर, त्यांनी दाखवलेल्या मेकॅनिककडे नाही.

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या नावाने हल्ली ॲडिटिव्हच्या बाटल्याही विकल्या जातात. तुमची गाडी एप्रिल २०२३ नंतर बनलेली असेल तर तिच्या नळ्या-सीलचं मटेरियल ई२० ला चालणारंच आहे. त्याआधीची असेल तरी बाटलीमुळे आतल्या रबरी नळ्यांचं मटेरियल बदलत नाही. फ्यूल लाइन तपासून घेणं हाच उपाय.

एवढं करूनही न सांगितलेल्या कामाचं बिल लावलं, तर गाडी अडकवून ठेवू नका. "अमुक कामं मान्य नाहीत, गाडी सोडवण्यासाठी पैसे भरत आहे" असं बिलाच्या प्रतीवर लिहून, सही करून, फोटो काढा आणि मगच पैसे द्या. त्याच दिवशी वर्क्स मॅनेजरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, जॉब कार्ड जोडून. बऱ्याच वेळा इथेच पैसे परत येतात, कारण कंपनीकडे गेलेली लेखी तक्रार डीलरला नको असते. नाही आले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे.

उद्या गाडी देताना जॉब कार्डवर एवढंच लिहा: मॅन्युअलप्रमाणे तिसऱ्या वर्षाची सर्व्हिस, ब्रेक क्लीनिंग, चारही चाकांतून ब्रेक फ्लुइड बदलणे, अलाइनमेंट तपासून गरज असल्यास फोन, सोबत लिहिलेल्या तक्रारी वॉरंटीत बघणे, जुने पार्ट परत. मग एस्टिमेट नव्याने काढायला सांगा, आणि आलेला आकडा मला कळवा. त्यातली एखादी ओळ समजली नाही तर ती तशीच्या तशी लिहून पाठवा, मी बघतो.